डिजिटल वर्ग: आधी यंत्र की आधी गरज?

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही लागला की फीत कापली जाते, फोटो निघतात. दोन वर्षांनी तो सुरू आहे का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शाळांसाठी तंत्रज्ञान निवडताना सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांचे दोन अनुभव लक्षात ठेवायला हवेत.

कुमठे बीटने काय केले?
सातारा तालुक्यातील या बीटमधील शाळा ज्ञानरचनावादी शिक्षणासाठी राज्यभर ओळखल्या गेल्या. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मणी, काड्या हेच त्यांचे साहित्य. मूल कुठे अडले आहे, हे आधी पाहिले. साहित्य नंतर ठरले. ठिकठिकाणचे शिक्षक हे वर्ग पाहायला आले.

सांगलीत भोंगा का वाजला?
कोरोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आला, तो शाळा उघडल्यावरही सुटेना. म्हणून २०२२ मध्ये कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने नियम केला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पडदा दिला म्हणजे अभ्यास होतोच असे नाही, हे गावानेच ओळखले.

खरेदीआधी काय तपासावे?
• वर्ग: आरटीईच्या निकषानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. तिथे एका खोलीत अनेक इयत्ता बसतात. मोठा पडदा एका वेळी एकाच इयत्तेच्या कामाचा. इतरांना स्वतः सोडवता येईल असे साहित्य हवे.
• वीज आणि नेट: पाटणच्या पावसाळ्यात किंवा जतच्या वाड्या-वस्त्यांवर ते ऑफलाइन चालेल का?
• खर्च: वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती आणि वीजबिल कोण भरणार?
• आशय: दीक्षा ॲपवर मोफत मिळणाऱ्या गोष्टीसाठीच पुन्हा पैसे जात नाहीत ना?

कंपनीकडे काय मागावे?
पुरावा. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार, ब्रिटनमध्येही शैक्षणिक तंत्रज्ञानातील केवळ ७ टक्के कंपन्यांनी आपल्या उत्पादनाची शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी घेतली होती.

निविदेत दर दिसतो, मुलांची प्रगती दिसत नाही. म्हणून आधी मोजक्या शाळांत एक सत्र वापर व्हावा. मुलांच्या वाचन-गणितात फरक पडला का ते पाहावे, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे मत घ्यावे. जिल्हाभर खरेदी त्यानंतरच. बंद पडलेल्या टीव्हीचे पैसे एकदाच वाया जातात; तिसरीत वाचायला न शिकलेले मूल मात्र पुढच्या प्रत्येक इयत्तेत मागे पडते.