बाटलीतील पत्र : टाकणारा आणि उघडणारा

कविता म्हणजे समुद्रात सोडलेल्या बाटलीतील पत्र, ही उपमा आपल्याकडे कवींच्या मनोगतांत आणि परिसंवादांतल्या भाषणांत बरीच रुळली आहे. तिचा घेतला जाणारा अर्थ असा : आम्ही लिहितो आणि सोडून देतो, कोणाला सापडले तर सापडले, न सापडले तर आमचे काय गेले? वाचकाविषयीच्या उदासीनतेला या उपमेने एक प्रतिष्ठित निवारा मिळवून दिला आहे. उपमा सुंदर आहे, तिचे कूळही थोर आहे. परंतु तिचा हा अर्थ आम्हांला मान्य नाही. ज्यांनी खरोखर समुद्रात बाटल्या सोडल्या त्यांनी काय काय केले, आणि ज्यांच्या हाती त्या लागल्या त्यांना काय करावे लागले, हे पाहिले तर ही उपमा नेमके उलटे सांगू लागते, असे आमचे मत आहे.

प्रथम कुळाविषयी. रशियन कवी ओसिप मांदेलश्ताम याने १९१३ साली संवादकाविषयी एक निबंध लिहिला. संकटात सापडलेला दर्यावर्दी आपले नाव आणि आपली हकीकत लिहून बाटली लाटांवर सोडतो; पुष्कळ वर्षांनी वाळूत फिरणाऱ्या कोणाला ती सापडते, आणि ज्याला सापडली तोच त्या पत्राचा धनी ठरतो, असे त्याने तेथे म्हटले आहे. बारातिन्स्की या आधीच्या शतकातील कवीची कविता वाचताना आपल्याला असेच वाटले, हा त्याचा मूळ मुद्दा. म्हणजे उपमा सुचली तेव्हा मांदेलश्ताम बाटली टाकणाऱ्याच्या जागी नव्हता, उघडणाऱ्याच्या जागी होता. पुढे त्याचा जर्मन अनुवादक आणि स्वतः थोर कवी असलेला पाउल त्सेलान याने १९५८ मधील ब्रेमेन येथील भाषणात हीच उपमा पुन्हा उचलली. कविता संवादासाठीच असते, कोठे तरी किनाऱ्याला लागण्याच्या आशेने ती निघते, आणि ही आशा नेहमीच बळकट असते असे नाही, हा त्याचा आशय होता. आशा क्षीण असणे निराळे आणि आशाच नसणे निराळे. आपल्या मनोगतांत हा भेद पुसला जातो.

आपल्याला तर या विचारासाठी रशियापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. विदर्भाशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या भवभूतीने आठव्या शतकात, आपली अवहेलना करणाऱ्यांना उत्तर देताना, आपल्याच वृत्तीचा कोणी तरी कधी तरी जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे, असे ‘मालतीमाधवा’त म्हणून ठेवले. भवभूतीचा हा ‘समानधर्मा’ आणि मांदेलश्तामचा वाळूत फिरणारा अनोळखी मनुष्य हे एकाच जातकुळीचे आहेत. दोघांनाही वाचक हवा आहे. केवळ तो आज समोर नाही.

आता प्रत्यक्ष समुद्राकडे वळू. १४९३ च्या फेब्रुवारीत, परतीच्या प्रवासात, कोलंबसाचे जहाज अझोर्स बेटांजवळ वादळात सापडले. आपण बुडालो तर नव्या भूमीची वार्ताही बुडेल या भयाने त्याने चर्मपत्रावर हकीकत लिहिली, ती मेणकापडात गुंडाळली, पिंपात घातली आणि पिंप समुद्रात सोडले. ज्याला मिळेल त्याने ते स्पेनच्या राजाराणीकडे पोहोचवावे, अशी विनंती सोबत होती. कोलंबस वाचला, पिंप मात्र कधीच कोणाला मिळाले नाही. यात लक्षात घ्यावी ती त्या घटकेची दक्षता. जहाज बुडण्याच्या बेतात असतानाही मेणकापड शोधले जाते, कारण शाई पाण्याने पुसली गेली तर लिहिण्याला अर्थ नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस दूर समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा समूह आहे. तेथे हिवाळ्यात जहाज येत नसे. १८७६–७७ च्या हिवाळ्यात जॉन सँड्स नावाचा पत्रकार तेथे अडकून पडला. त्यातच एक ऑस्ट्रियन जहाज फुटून त्याचे खलाशीही बेटावर आले. आधीच तुटपुंजे असलेले धान्य आणखी वाटेकऱ्यांना कसे पुरणार? सँड्सने त्याच जहाजावरील जीवरक्षक कड्याला चिठ्ठीची बाटली बांधली आणि जानेवारीअखेर ते समुद्रात सोडले. नऊ दिवसांत ते ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्याला लागले. चिठ्ठी योग्य ठिकाणी गेली आणि फेब्रुवारीतच आरमारी जहाज मदतीला आले. पुढे बेटावरच्या लोकांनी यातून आपली टपालव्यवस्थाच उभी केली. लाकूड कोरून छोटी होडी करायची, पोकळीत पत्र आणि तिकिटापुरती एक पेनी ठेवायची, तरंगण्यासाठी मेंढीचे फुगवलेले मूत्राशय बांधायचे, आणि वारा अनुकूल वाहू लागेपर्यंत थांबायचे. काही होड्या स्कॉटलंडला लागत, काही थेट नॉर्वेला. १९३० च्या ऑगस्टमध्ये शेवटच्या रहिवाशांनी बेट सोडले. पोहोचण्याची हमी नसतानाही तिकिटाचे पैसे घालणारी ही माणसे, वाचकाशी देणेघेणे नाही असे म्हणणाऱ्या लेखकांहून आम्हांला अधिक साहित्यिक वाटतात.

शास्त्रज्ञांच्या बाटल्यांत हा काटेकोरपणा आणखी वाढतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज पार्कर बिडर याने १९०४ ते १९०६ या काळात उत्तर समुद्रात १०२० बाटल्या सोडल्या. त्यांना वजन अशा बेताने लावले होते की त्या पृष्ठभागावर न तरंगता तळाच्या किंचित वर राहून प्रवाहाबरोबर जाव्यात. आतील कार्डावर इंग्रजी, डच आणि जर्मन या तिन्ही भाषांत विनंती होती : कोठे, केव्हा सापडली ते लिहून पाठवावे, एक शिलिंग बक्षीस मिळेल. परत आलेल्या कार्डांवरून उत्तर समुद्राच्या तळाशी पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रवाह असल्याचे बिडरला दाखवता आले. यांपैकीच एक बाटली २०१५ साली जर्मनीच्या आमरूम बेटावर, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंना सापडली. त्यांनी कार्ड भरून प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेकडे पाठवले. संस्थेनेही चलनातून गेलेला एक जुना शिलिंग मुद्दाम मिळवून त्यांना धाडला. १०८ वर्षांनी दोन्ही बाजूंनी शब्द पाळला गेला.

याहून जुनी बाटली ‘पाउला’ या जर्मन जहाजाची. हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेचा समुद्रप्रवाह समजून घेण्याचा एक दीर्घ उपक्रम होता. त्यात जहाजांवरून हजारो बाटल्या टाकल्या गेल्या. २०१८ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील वेज आयलंडजवळच्या वाळूत एका बाईंना एक सुबक जुनी बाटली दिसली. शोभेला ठेवण्याजोगी म्हणून उचललेल्या त्या बाटलीत ओलसर वाळू आणि दोऱ्याने बांधलेली कागदाची गुंडाळी निघाली. ती वाळवून पाहिली तेव्हा छापील जर्मन मजकूर आणि त्यात शाईने भरलेली फिकट अक्षरे दिसू लागली : १२ जून १८८६, जहाजाचे नाव, स्थान, कार्डिफहून मकासारकडे जाणारा मार्ग. ही बनावट तर नव्हे? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाने जर्मनी आणि नेदरलंड्स येथील जाणकारांशी पत्रव्यवहार केला. तेव्हा ‘पाउला’च्या कप्तानाची हवामानाची नोंदवही उपलब्ध असल्याचे कळले, तीत त्याच दिवशी, त्याच स्थानी बाटली टाकल्याची नोंद होती. १३१ वर्षांनी ते पत्र वाचले गेले. तोपर्यंत या उपक्रमातील एकूण ६६२ चिठ्ठ्याच परत आल्या होत्या, आणि त्यांतली शेवटची १९३४ मध्ये.

येथे योगायोगाचा वाटा किती? बाई त्या वाळूत चालत गेल्या, इतकाच. त्यापुढचे सर्व काही श्रम आहेत : कागद न फाडता उलगडणे, अपरिचित भाषा वाचून घेणे, संशय घेणे, नोंदवही शोधणे, तारखा ताडून पाहणे. आमच्या व्यवसायात यालाच पाठचिकित्सा म्हणतात.

ज्यूल व्हर्नची कॅप्टन ग्रांटच्या मुलांवरची कादंबरी आम्हांला याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. तीत शार्कच्या पोटातून निघालेल्या बाटलीत एकच मजकूर तीन भाषांत लिहिलेला आहे, पण खाऱ्या पाण्याने तिन्ही कागद ठिकठिकाणी खाल्ले आहेत. अक्षांश शाबूत आहे, रेखांश नाहीसा झाला आहे. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून शोध घेणारे आधी पातागोनियाचा अर्थ काढतात, मग ऑस्ट्रेलियाचा, मग न्यूझीलंडचा, आणि प्रत्येक अर्थापायी समुद्रप्रवास करतात. प्रत्येक वाचन तर्कशुद्ध असते आणि प्रत्येक चुकते. तरी ते वाचणे थांबवत नाहीत, कारण त्या कागदापलीकडे जिवंत माणसे आहेत यावर त्यांचा विश्वास आहे. अर्थनिर्णयनावरील कित्येक जड ग्रंथांत न सापडणारी ही गोष्ट मुलांच्या कादंबरीत सापडते.

उघडणाऱ्याची जबाबदारी सर्वांत स्पष्ट दिसते ती टॉमस ह्यूज या ब्रिटिश सैनिकाच्या बाटलीत. ९ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समधील आघाडीवर जाताना त्याने इंग्लिश खाडीत आल्याच्या पेयाची एक बाटली टाकली. आत दोन मजकूर होते. एक पत्नीला, आणि दुसरा ज्याला बाटली मिळेल त्याला : हे पत्र तेवढे पोहोचते करा. थोड्याच दिवसांत तो युद्धात मारला गेला. १९९९ मध्ये थेम्स नदीच्या मुखाशी एका मच्छीमाराच्या जाळ्यात ती बाटली आली. पत्नी १९७९ मध्येच वारली होती. मात्र बाप गेला तेव्हा तान्ही असलेली मुलगी ऑकलंडमध्ये हयात होती. न्यूझीलंडच्या टपाल खात्याने प्रवासखर्च केला आणि त्या मच्छीमाराने पत्र नेऊन तिच्या हाती दिले. ज्या मुलीला बाप आठवत नव्हता, तिला वयाच्या ऐंशीच्या घरात त्याचे हस्ताक्षर पाहायला मिळाले.

या बाटलीतील दुसरी चिठ्ठी हाच आमच्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक टिकाऊ लेखनात अशी दुसरी चिठ्ठी असते. पहिली ज्याच्यासाठी लिहिली तो बहुधा निघून गेलेला असतो. दुसरी आपल्यासाठी असते, आणि तिच्यात सांगितलेले काम करायचे की नाही हे आपण ठरवायचे असते.

यावर एक आक्षेप येईल. पोहोचलेल्या बाटल्यांच्याच कथा तुम्ही सांगता; हजारो बुडाल्या त्यांचे काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच केवळ समुद्रावर भिस्त ठेवू नये. शास्त्रज्ञांनीही ती ठेवलेली नाही. आज आर्गो या आंतरराष्ट्रीय योजनेतील सुमारे ४००० स्वयंचलित तरंगक महासागरांची माहिती उपग्रहांमार्फत कळवतात. आधीच प्लास्टिकने भरलेल्या समुद्रात हौसेखातर बाटल्या फेकण्याचे समर्थन कोणी करू नये. स्वतः मांदेलश्तामच्या कविताही समुद्राने वाचवल्या नाहीत. १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. त्याच्या कविता त्याची पत्नी नादेझ्दा हिने पाठ करून आणि हस्तलिखिते लपवून वर्षानुवर्षे सांभाळल्या. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली, या आख्यायिकेचाही एक अर्थ असाच लावला जातो : वह्या पाण्यात गेल्या, पण अभंग लोकांच्या मुखी होते. पाणी काही परत करत नाही. परत आणतात ती माणसेच.

आम्ही काही जण महाविद्यालयांत मराठी शिकवतो. ग्रंथालयात जागा नाही म्हणून जुन्या पुस्तकांच्या निर्लेखनाच्या याद्या निघतात आणि त्यांवर विभागप्रमुखांची सही लागते. निकष एकच : इतक्या वर्षांत पुस्तक कोणी नेले नाही. मागील पानावरील तारखांची पट्टी कोरी असली की पुस्तकाचा निकाल लागतो. बंद पडलेल्या नियतकालिकांचे बांधीव अंक, लहान गावातील मुद्रणालयांत छापलेली आत्मचरित्रे, पुनर्मुद्रण न झालेले कवितासंग्रह याच वाटेने रद्दीत जातात. ‘पाउला’च्या बाटलीची पट्टी १३१ वर्षे कोरीच होती. ती कोणी नेली नाही याचा अर्थ ती निरुपयोगी होती असा होत नाही. तिच्यापर्यंत कोणी गेले नव्हते, इतकाच होतो.

सगळे जपता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण सही करण्यापूर्वी यादीतील पुस्तके निदान उघडून पाहता येतील. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला अशा एका पुस्तकावर दोन पाने लिहायला सांगता येतील : हे कोणी लिहिले, कोठे छापले, कोणाला उद्देशून लिहिले, आज ते कोणाला द्यावे. ज्याची दुसरी प्रत कोठे दिसत नाही त्याची पाने छायांकित करून ठेवता येतील. याला मोठे अनुदान लागत नाही. विद्यार्थी एखाद्या अनोळखी मृत लेखकाचा पहिला वाचक होऊ शकतो, हे त्याला पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. असे एक पुस्तक हाती दिले तर कळेल.

आणि लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच, की उपमा वापरायची तर पुरती वापरावी. मजकूर स्वच्छ असावा, बूच घट्ट असावे, आत तिकिटाचे पैसे असावेत. त्यापुढचे काम आमचे, म्हणजे वाचणाऱ्यांचे आहे, आणि पुढची यादी सहीसाठी येईल तेव्हा ते आम्हांला टाळता येणार नाही.