चालणे चांगलेच, पण कोर्टही मोकळी करा



‘रोज चाला, साखर आटोक्यात ठेवा’ हा सल्ला आता घरोघरी पाठ झाला आहे. सल्ला योग्यच, पण अपुरा. चालण्याने दम वाढतो. स्नायूंना मात्र पुरेसा ताण बसत नाही, आणि चाळिशीनंतर हळूहळू झिजतात ते स्नायूच. म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस असावे, असे माझे ठाम मत आहे.

जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. कामाला लागलेला स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढतो आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. त्यामुळे फक्त रविवारी घाम गाळून आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याचा हा फायदा बुधवारपर्यंत ओसरतो. नियमित खेळाने ट्रायग्लिसराइड उतरतात, ‘चांगले’ कोलेस्टेरॉल थोडे वाढते. नेटजवळ पडणारे शटल उचलताना एक पाय लांब टाकून गुडघ्यात वाकावे लागते आणि त्याच पायावर जोर देऊन तत्काळ मागे यावे लागते. एका गेममध्ये हे कितीदा होते ते मोजून पाहा. मांड्या दुसऱ्या दिवशी हिशेब देतातच.

इंग्लंड व स्कॉटलंडमधील ८० हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला. कोपनहेगनच्या २०१८ मधील अभ्यासातही टेनिस आणि बॅडमिंटन खेळणारे आयुर्मानात सर्वांत पुढे होते. यावर कोणी म्हणेल, की असे खेळ खेळणारे मुळातच सुस्थितीतले असतात. आक्षेप रास्त आहे. अशा पाहण्यांतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष खेळ सोडण्याचा नाही, तो सुस्थितीबाहेरच्यांनाही खेळू देण्याचा आहे.

इथेच आपण कमी पडतो. अनेक सोसायट्यांच्या आवारात कोर्टाच्या पांढऱ्या रेषा अजून दिसतात, पण त्यांवर मोटारी उभ्या असतात. सार्वजनिक सभागृहांत सकाळ-संध्याकाळ नंबर लागत नाही आणि दुपारी कुलूप असते. खासगी कोर्टाचे तासाचे भाडे व पिसांच्या शटलचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. परदेशात बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय नंदू नाटेकर सांगलीत जन्मले. त्याच महाराष्ट्रात कोर्ट ही चैन ठरावी? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. औषधांवर होणाऱ्या खर्चापुढे दोन खांब आणि एक जाळी किती स्वस्त!

मात्र पन्नाशीत एकदम रॅकेट उचलून स्मॅश मारायला जाऊ नये. टाचेवरची शीर तुटण्याची दुखापत या खेळात होते, म्हणून आधी अंग मोकळे करावे आणि पायात योग्य बूट असावेत. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

महापालिकांनी दुपारच्या रिकाम्या वेळा महिला आणि ज्येष्ठांसाठी नाममात्र शुल्कात खुल्या कराव्यात, शाळांनी सुटीच्या दिवशी सभागृहे उघडावीत. आणि सोसायट्यांच्या सभासदांनी पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या आधी कोर्टाचा विषय घ्यावा.

– एक वाचक, सांगली