स्तुतिपाठाची वेठबिगार

बेलवली हे एके काळी बदलापूरलगतचे गाव होते. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत विरघळून गेले आहे. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. ही वाढ मुख्यतः मुंबई-ठाण्यात घर घेणे अशक्य झालेल्या पगारदारांची आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवरच्या स्थानकावर पहाटे लोकल पकडून रात्री परतणारा हा वर्ग कामगार म्हणून मोजला जात नाही, आणि तो स्वतःही स्वतःला तसा मानीत नाही. त्याच्या शोषणाला नाव मिळत नाही, याचे हे एक मोठे कारण होय.

बेलवलीच्या कोणत्याही इमारतीत आढळेल अशा एका तरुण लिपिक स्त्रीचे उदाहरण घ्यावे. ती एका संस्थेत कंत्राटावर नोकरीस आहे. नेमणूकपत्रात ‘कार्यालयीन कामकाज’ एवढेच लिहिलेले. सहा महिन्यांनी साहेब म्हणतात, “तुम्ही तरुण आहात, तुम्हाला हे जमते,” आणि संस्थेचे फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप समूह तिच्या गळ्यात पडतात. पद नाही, भत्ता नाही, वेळेची मर्यादा नाही. उद्घाटने, सत्कार, अध्यक्षांचा वाढदिवस हे सारे त्याच दिवशी झळकले पाहिजे. फोन तिचा, रिचार्ज तिचे, आणि रात्री नऊच्या गाडीत कल्याण ओलांडताना लोकांच्या तक्रारींना नम्र उत्तरे देणारा अंगठाही तिचाच. पगार दोन-दोन महिने थकलेला असताना ‘आमची संस्था, आमचे कुटुंब’ हे तिनेच लिहायचे! एके दिवशी ती चार ओळींचे पत्र देते: पुढील महिन्यापासून नेमणूकपत्रातील सर्व काम करीन, समाजमाध्यमांचे काम करणार नाही. हा राजीनामा नव्हे आणि संपही नव्हे. ती फक्त एक पाऊल मागे येते.

यावर साहेब रागावतील हे स्वाभाविकच आहे. परंतु चळवळीतील जुने कार्यकर्तेही हसतात, हे अधिक चिंताजनक आहे. “फेसबुक चालवायचे नाही म्हणे! यात लढा तो कसला?” असे ते विचारतात. हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे.

कामगार चळवळीचा इतिहास हा मजुरीच्या दराइतकाच वेळेच्या मोजमापाचा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची मर्यादा यांचा समावेश होता. रविवारची सुटी पदरात पडण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. १९७३ मध्ये इंजिनचालकांनी लढा दिला तो कामाच्या तासांसाठीच. ड्यूटीवर हजर झाल्यापासून ड्यूटीतून मोकळे होईपर्यंत दहा तासांहून अधिक काळ जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. गाडी फलाटावर उभी असली तरी माणूस कामावरच असतो, हे तत्त्व त्यामागे होते. १९७४ च्या ऐतिहासिक रेल्वे संपाची पार्श्वभूमी या असंतोषातून तयार झाली. ज्या कल्याणच्या लोकोशेडमध्ये हे तत्त्व पाठ झाले, त्याच कल्याणवरून आज रात्री नऊला जाणाऱ्या गाडीत बसलेली लिपिक कामावर आहे की नाही, हे कार्यकर्त्याला सांगता येऊ नये?

खरे पाहता तिची स्थिती एका अर्थाने गिरणी कामगारापेक्षाही वाईट आहे. गिरणी कामगाराला माग घरून आणावा लागत नव्हता. यंत्र, कोळसा, कापूस यांचा खर्च मालकाचा होता. येथे उत्पादनाचे साधन कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून विकत घ्यायचे, दरमहा स्वखर्चाने चालू ठेवायचे, आणि त्यावर निर्माण होणारा लौकिक मात्र मालकाच्या खात्यात जमा व्हायचा. भांडवलाचा खर्च मजुरावर टाकण्याची इतकी सोयीस्कर युक्ती मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही सुचली नव्हती. कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, तेव्हा गहजब झाला. तो योग्यच होता. पण कागदावर एका ओळीचाही बदल न करता लक्षावधी कर्मचाऱ्यांचा दिवस कधीच बारा तासांपलीकडे गेला आहे, त्याचे काय?

तथापि प्रश्न केवळ तासांचा नाही. हिशेब लिहिणाऱ्याचे श्रम विकत घेतले जातात; स्तुती लिहिणाऱ्याची जीभच विकत घेतली जाते. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या उच्च शिक्षण सचिवांनी उच्च शिक्षणसंस्थांना पत्र पाठविले. प्रत्येक संस्थेने एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमावा, संस्थेची खाती उघडून ती मंत्रालयाच्या खात्याशी जोडावीत, विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या खात्याशी जोडावीत आणि आठवड्यातून किमान एक चांगली बातमी प्रसिद्ध करावी, असा त्याचा आशय होता. टीका झाल्यावर विद्यार्थ्यांपुरते हे ऐच्छिक असल्याचा खुलासा झाला. परंतु ग्रंथालयात नवी पुस्तके नाहीत आणि प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, अशा महाविद्यालयाने दर आठवड्याला चांगली बातमी आणायची कोठून, याचा खुलासा कोणी केला नाही.

पुढे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराचे नियम घालून दिले. राज्य वा केंद्र शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करावयाची नाही. योजनांच्या यशासाठी झालेल्या सामूहिक प्रयत्नांविषयी मात्र लिहिता येईल. दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणजे चित्र पूर्ण होते. गौरव हे कर्तव्य आणि टीका हे गैरवर्तन! ज्या तोंडाला नाही म्हणण्याची मनाई आहे, त्याच्या होकाराला किंमत ती काय?

म्हणूनच या कामातून मागे येणे हा आळस नव्हे, असहकार आहे. त्याला महाराष्ट्रात ताजे आणि लढाऊ पूर्वसंचित आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत केले. फोन तापत होते, बंद पडत होते, आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत माहिती मागत होता. मानधनावर राबणाऱ्या या स्त्रियांनी बालकांना आहार देणे थांबविले नाही. त्यांनी यंत्र परत केले. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी नेमणुकीच्या धोरणाविरुद्ध प्राथमिक शिक्षक उभे राहिले, तेव्हा ते प्रशासनाच्या व्हॉट्सॲप समूहांतून बाहेर पडले. शिकविणे हे शिक्षकाचे काम. रात्री अकराला छायाचित्र पाठविणे नव्हे, हे त्यांनी कृतीने सांगितले. बेलवलीच्या लिपिकेचे चार ओळींचे पत्र याच परंपरेतील आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संस्थेला लोकांपर्यंत पोहोचावेच लागते. मान्य. मग त्यासाठी जागा निर्माण करा, माणूस नेमा, त्याला साधने व पगार द्या. शासनाजवळ तर माहिती व जनसंपर्काचे स्वतंत्र महासंचालनालय आहे. दुसरा आक्षेप असा की, हे पांढरपेशांचे लाड आहेत. अंगणवाडी सेविकेला पांढरपेशी म्हणण्याचे धाडस ज्याला होते, त्याने एकदा तिचे मानधन पाहावे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. शिक्षकांना कायम नोकरी आहे, सेविकांना संघटना आहे. कंत्राटी लिपिकेला दोन्ही नाहीत. पत्र दिले आणि करार पुढे वाढला नाही, तर तिच्या घराचा हप्ता कोण भरणार? याचे खरे उत्तर असे की, आज कोणीही भरणार नाही. म्हणूनच तिच्या धैर्याचे कौतुक करून थांबणे हा दांभिकपणा ठरेल. एकटीचे पत्र हे कारवाईला निमंत्रण असते. चाळीस जणांचे पत्र हे वाटाघाटीला निमंत्रण असते. फरक संघटनेचा आहे, आणि ती उभारणे हे पक्षाचे काम आहे.

कायदा तूर्त साहाय्यास येणारा नाही. कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून मान्य केला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांतही या हक्काला स्थान मिळाले नाही.

तेव्हा अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी चार साध्या मागण्या घेऊन इमारतींतून आणि गाडीच्या डब्यांतून फिरावे. समाजमाध्यमांचे काम नेमणूकपत्रात लिहिलेले नसेल तर ते सक्तीचे नसावे. लिहिलेले असेल तर फोन व त्याचा खर्च मालकाचा असावा. कार्यालयीन वेळेबाहेरचे प्रत्येक उत्तर जादा काम म्हणून मोजले जावे. आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाने व खात्यावरून स्तुती करून घेण्यास बंदी असावी.

याची सुरुवात मात्र घरातूनच व्हावयास हवी. पक्षाच्या शाखांतही एखादा तरुण साथी गाठून “तुला हे जमते” म्हणत पक्षाचे पान त्याच्यावर सोपविले जाते, आणि सभेचे छायाचित्र मध्यरात्रीपूर्वी का झळकले नाही, याचा जाब दुसऱ्या दिवशी विचारला जातो. सभेत सतरंजी घालणाऱ्याच्या श्रमांचा मान राखावा असे शिकविणाऱ्या पक्षाने या सतरंजीचाही मान राखला पाहिजे. जो पक्ष आपल्या साथीला रात्री दहानंतर झोपू देत नाही, त्याला बेलवलीच्या लिपिकेच्या दारात जाऊन आठ तासांच्या दिवसाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.