दिवडाला नागाची शिक्षा

कोकणातल्या भातखाचरांपासून देशावरच्या विहिरींपर्यंत, गोडे पाणी असेल तिथे दिवड असतोच. काही भागांत त्याला विरोळा म्हणतात. विषाचा थेंब नाही, तरी दिसला की लोक काठी शोधतात.

याला त्याचा तापट स्वभावही थोडा जबाबदार आहे. कोंडीत सापडला की दिवड मान चपटी करतो, अंगाचा पुढचा भाग उचलतो आणि भराभर चावे घेतो. काठावरच्यांना त्यात नागाचा फणा दिसतो आणि पुढचा निकाल ठरलेला असतो. वास्तविक ओळख सोपी आहे. पिवळसर किंवा तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे असतात. डोळ्याखालून आणि डोळ्यामागून दोन तिरक्या काळ्या रेघा निघतात. चौकडे कधी पुसट होतात, पण रेघा बहुधा टिकतात.

चावा मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. बारीक, मागे वळलेल्या दातांमुळे रक्त बरेच वाहते. ते पाहून कुणी मांत्रिकाकडे धावतो, कुणी दोर आवळून बांधतो. दोन्ही प्रकार घातक. जखम धुवावी आणि दवाखाना गाठावा. साप नक्की ओळखता आला नसेल तर अजिबात वेळ दवडू नये. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. दिवडाच्या चाव्यावर ती लागत नाही, उलट विनाकारण टोचली तर तिचीच तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते. दिवड ओळखता येण्याचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणून पाण्यातला प्रत्येक साप निरुपद्रवी, असेही कुणी समजू नये. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणारे समुद्री साप जहाल विषारी असतात.

मासे आणि बेडूक हे दिवडाचे खाणे. मादी एका वेळी डझनावारी अंडी घालते आणि त्यांच्यापाशी थांबते. पाण्यात वावरत असला, तरी श्वासासाठी दिवडाला पाण्यावर यावेच लागते. त्यामुळे तळ्यांत सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत दिवड गुदमरून मरतात. शिवाय त्याला गळ्यात घालून फोटो काढणारे हौशी ‘सर्पमित्र’ आहेतच. हा खेळ आधी थांबायला हवा.

विहिरीत दिवड दिसला तर त्याला तिथेच राहू द्यावे. घरात शिरला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे त्याला मारणे गुन्हा आहे.