पापणी लवते तेव्हा

सांगलीच्या बाजारात फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक वाढू लागते. सौदे, वजनकाटा, पोत्यांची उचल, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, परगावच्या खरेदीदारांचे फोन यांत अडत दुकानदाराचा दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्यात मार्चअखेरचा हिशेब. अशाच एका हंगामात पन्नाशी ओलांडलेल्या एका व्यापाऱ्याची डावी पापणी लवू लागली.

प्रारंभी त्याने लक्ष दिले नाही. खालच्या पापणीच्या कडेला बारीकशी थरथर होई, दहा-वीस सेकंद राही आणि थांबे. आठवड्याभरात ती दिवसातून दहा-बारा वेळा येऊ लागली. गिऱ्हाइकाशी दर ठरवताना समोरचा माणूस आपल्या डोळ्याकडेच पाहतो आहे, असे त्याला वाटू लागले. घरी आईने निराळाच अर्थ लावला. "पुरुषाचा डावा डोळा लवणं बरं नव्हे रे. चार दिवस मोठा सौदा करू नकोस." हाच डावा डोळा सुनेचा लवला असता, तर त्याच घरात शुभवार्तेची वाट पाहिली गेली असती. स्नायू तोच, थरथर तीच. फळ मात्र स्त्री-पुरुषागणिक बदलते, ही गंमत आपल्या समजुतींनाच साधते.

व्यापाऱ्याची भीती अपशकुनाची नव्हती. त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि शेवटची तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. आपल्यालाही तेच होणार, ही त्याची सुरुवात आहे, असे त्याने मनाशी धरले. रात्री एक वाजता अंधारात फोन उघडून तो या दुखण्याविषयी वाचत बसे. जितके वाची तितकी झोप उडे आणि जितकी झोप उडे तितकी दुसऱ्या दिवशी पापणी अधिक लवे.

पापणीच्या आत डोळ्याभोवती कड्यासारखा एक पातळ स्नायू असतो. डोळा मिटण्याचे काम तो करतो आणि त्याला आज्ञा देते चेहऱ्याची नस, म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी मज्जातंतूंची जोडी. या स्नायूचे काही तंतू कधीकधी आज्ञेवाचूनच आकुंचन पावू लागतात. वैद्यकात याला मायोकायमिया म्हणतात. बहुधा एकाच डोळ्याची, तीही खालची पापणी लवते. दिवसेंदिवस, कधी कित्येक आठवडे ही थरथर येत-जात राहते आणि मग आपोआप थांबते. आतून ती फार मोठी जाणवते. समोरच्याला मात्र बहुधा दिसतही नाही. तंतू असे का बिथरतात याची नेमकी साखळी शास्त्राला अजून पूर्ण उलगडलेली नाही. परंतु कोणाच्या बाबतीत हे अधिक घडते, ते डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे: अपुरी झोप, थकवा, मनावरचा ताण, अति चहा-कॉफी, कोरडे डोळे आणि तासन्‌तास पडद्यावर लावलेली नजर.

अखेर पत्नीने आग्रहाने त्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. तपासणीपेक्षा विचारपूसच जास्त झाली.

"शेठजी, चहा किती होतो?"

त्याने बोटांवर मोजायला घेतले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक अर्धा कप, कारण आपण घेतला नाही तर पाहुणा संकोचतो. हिशेब अकरावर गेला. एरवी त्या घरी चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर चहाचा प्रश्नच नसे; हंगामात मात्र तो नियम सुटला होता आणि रात्री नऊलाही चहा होत होता. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. झोप चार-साडेचार तास. चष्म्याचा नंबर सहा वर्षांपूर्वीचा. फोनवर आणि संगणकावर दर पाहताना माणूस पापण्या मिटायचे निम्म्याने विसरतो, त्यामुळे डोळे कोरडे.

"आणि मनाला काही घोर?"

"छे, काही नाही. धंदा म्हटलं की चालायचंच."

शेजारी बसलेली पत्नी हळूच म्हणाली, "अहो, मग रात्री दोनला उठून वही काढून बसता, ते कशासाठी?"

तो काही बोलला नाही. डॉक्टरांनीही रेटले नाही. नुसत्या पापणी लवण्याचा अर्धांगवायूशी संबंध नाही, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. ती दिसली तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठायचे. पापणी लवण्याच्या बाबतीतही काही खुणा दुर्लक्षण्याजोग्या नसतात. थरथर गालावर किंवा ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरली, तर चेहऱ्याच्या नसेवर एखाद्या रक्तवाहिनीचा दाब पडत असू शकतो आणि एमआरआय करून पाहावे लागते. दोन्ही डोळे जोराने, आपसूक मिटू लागले, तर तो ब्लेफरोस्पॅझम नावाचा वेगळाच विकार. त्यावर बोटुलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शने देतात आणि त्यांचा गुण तीन-चार महिने टिकतो. अमेरिकेत या उपचाराला १९८९ मध्येच मान्यता मिळाली. पापणी खाली ओघळणे, डोळा लाल होणे, सूज, स्राव, दुहेरी दिसणे किंवा कित्येक आठवडे थरथर न थांबणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावेच.

या व्यापाऱ्याला औषध म्हणून केवळ डोळे ओले ठेवणारे थेंब मिळाले आणि नव्या नंबरचा चष्मा. दुकानातल्या मुनीमजींनी आधीच औषधाच्या दुकानातून "हमखास गुणाचे" थेंब आणून दिले होते. ते स्टेरॉइडचे निघाले. असे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याविना घालत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. चहा एकदम बंद करू नका, डोके धरेल, दर दोन दिवसांनी एक कप कमी करा, असे डॉक्टर म्हणाले. लवू लागले की कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवावा, पडद्यासमोर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे आणि आरशात पुन:पुन्हा निरखू नये. हे शेवटचेच त्याला सर्वांत अवघड गेले.

परतताना गाडीत पत्नीने विषय काढला नाही. घराजवळ आल्यावर तोच म्हणाला, "अठरा लाख अडकलेत."

दिवाळीपासून परपेठेतल्या एका खरेदीदाराने पैसे दिले नव्हते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या थांबवता येत नाहीत, म्हणून त्याने बँकेची उचल वाढवून त्या चुकत्या केल्या होत्या. वैशाखात मुलीचे लग्न ठरलेले. धाकट्या भावाला सांगितले तर तो भागीदारीवरच बोट ठेवील, आईला सांगितले तर ती आजारी पडेल, व्याह्यांच्या कानी गेले तर पत राहणार नाही, असा हिशेब करीत पाच महिने त्याने ही रक्कम एकट्याने उरावर वाहिली होती. व्यापारी घराण्यांत पत हीच पुंजी, हे खरे. पण घरातल्या माणसांपासून लपवून ती वाढल्याचे उदाहरण शोधूनही सापडत नाही.

त्या रात्री पत्नीने कोरा कागद पुढे ठेवला. कोणाकडे किती, बँकेचे किती, लग्नाला किती आणि उद्या कोणाला फोन करायचा, एवढेच त्यावर लिहिले. रक्कम तीच राहिली, परंतु रात्री दोनला उठून वही उघडण्याचे कारण उरले नाही. भाऊ चिडला, दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "दादा, आपण दोघं जाऊन बसू त्याच्या दारात." ते गेले. तीन लाख हाती आले, सहा लाखांचे पुढच्या तारखांचे धनादेश मिळाले. उरलेले अजून बाकीच आहेत. लग्नातला एक जेवणाचा कार्यक्रम कमी झाला आणि त्याबद्दल व्याह्यांकडून अवाक्षर आले नाही.

पापणी लगेच थांबली नाही. आणखी तीन आठवडे ती मधूनमधून लवत होती, हंगामाच्या गर्दीच्या दिवशी जरा जास्तच. आईच्या सांगण्यावरून तो सकाळी सामायिकाला बसू लागला. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत राहू लागला. पहिले चार दिवस त्याला फोनच्या घंटेचे भास होत. चौविहार पुन्हा सुरू झाला आणि रात्रीचा चहा सुटला. दुकानात पाहुण्याबरोबर तो आता रिकामा कप हाती धरून बसतो. कोणाच्या लक्षातही येत नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आमंत्रणांची यादी वाचता वाचता आईने सहज विचारले, "डोळा आता लवत नाही ना रे?" त्याला आठवून पाहावे लागले, पण शेवटची कधी लवली होती, ते सांगता आले नाही.