गाडीचा घसारा कोणाच्या खाती?



मागच्या जिल्हा बैठकीत वर्षाचा जमाखर्च वाचला गेला, तेव्हा 'गाडी, किरकोळ : ४,३५० रुपये' अशी एक ओळ आली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "एवढे कशाला लागतात हो?" हशा झाला आणि पुढचा विषय निघाला. हसणाऱ्यांत मीही होतो.

चार दिवसांनी गाडी चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याच्या घरी गेलो. (त्याचे नाव छापायचे नाही, असे त्याने बजावले आहे.) तो शेतात होता. त्याच्या घरच्या बाईने पाणी दिले आणि उभ्या उभ्या म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी आमच्या शेळ्या खायलीय बघा." मला आधी कळलेच नाही. मग तिने कोनाड्यातून एक वही काढून दिली.

वहीत वर्षाचा हिशेब होता. बॅटरी ३,९००. मागचे दोन टायर ५,४००. क्लच प्लेट मजुरीसह ३,२००. रेडिएटरला डाग देणे ९००. खालचा सडलेला पत्रा कापून वेल्डिंग २,५००. उंदरांनी वायरी कुरतडल्या त्याचे १,४००. कार्बोरेटरचे किट, पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मिळून १,८५०. विमा २,४७१. बेरीज २१,६२१ रुपये. त्यातले आपल्या खात्यातून गेले ४,३५०. उरलेले १७,२७१ रुपये तीन एकरवाल्या माणसाने स्वतःच्या खिशातून घातले. खिशात नव्हते तेव्हा शेळ्या विकल्या. वर्षभर चाकावर बसला, त्याची मजुरी वहीतही नव्हती.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो तो उत्पादन खर्च काढायला. बियाणे, खत, मजुरी मांडायची, मग औजारांचा घसारा धरायचा, घरच्या माणसांचे श्रम मजुरीच्या दराने धरायचे, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरायचे. यातले शेवटचे कलम सरकार हमीभावात धरत नाही, ए-२ अधिक घरचे श्रम एवढ्यावर थांबते आणि सी-२ बाजूला ठेवते, म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. आणि आपल्याच गाडीचा हिशेब आपण कसा लावला? घसारा शून्य, घरचे श्रम शून्य, खेळते भांडवल एका माणसाच्या शेळ्या. दिल्लीतल्या बाबूने आपल्या कापसाचा हिशेब असा लावला असता तर आपण त्याला गावात फिरकू दिले नसते.

गाडी तुम्हाला माहीत आहे. १९९८ सालची पांढरी व्हॅन, सरकत्या दाराची, पेट्रोलवर चालणारी. २०१२ साली वर्गणी काढून घेतली. तिने भोंगे वाहिले, सतरंज्या वाहिल्या, पुस्तिकांचे गठ्ठे आणि माती परीक्षणाच्या पिशव्या वाहिल्या, रात्री-बेरात्री दोन बाळंतिणी तालुक्याला पोचवल्या. तिला चालू करण्याचा एक विधी आहे. चोक ओढायचा, दोनदा अर्धा पाय दाबायचा, थांबायचे, मग चावी. नाही झाली तर सभेचे प्रमुख पाहुणेसुद्धा खाली उतरून धक्का देतात. आतापर्यंत कोणी नाही म्हटलेले नाही.

जुनी गाडी चालू ठेवणे अवघड होत चालले आहे ते केवळ ती म्हातारी झाली म्हणून नव्हे. ज्या मिस्त्रीला कार्बोरेटर कळत होता, तो आता सत्तरीला आला. त्याच्या मुलाचे गॅरेज चांगले आहे. तो गाडीला संगणक लावतो आणि दोष वाचून दाखवतो. आपली गाडी गेली तेव्हा त्याने डॅशबोर्डखाली हात घालून बराच वेळ चाचपले आणि म्हणाला, "काका, हिला पिन लावायला जागाच नाही." शेवटी म्हाताऱ्याला खाटेवरून उठवून आणले. त्याने कानाने ऐकून पाच मिनिटांत जेट साफ करून दिला.

दुसरे कारण पेट्रोलचे. ते लिहिताना माझी जीभ अडखळते, कारण इथेनॉल ही शेतकरी चळवळीची जुनी मागणी. ऊस, मका, तुकडा तांदूळ यांना साखर आणि कणसापलीकडची एक बाजारपेठ मिळावी, ही मागणी मी आजही मागे घेणार नाही. पण खरे ते सांगितले पाहिजे. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्क्यांची तूट. भाव मात्र तेवढा कमी झाला नाही. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी साचते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या नळ्या आणि पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हतेच. ते फुगतात, चिरतात. वहीतले १,८५० रुपये तिथे गेले.

आणि शेतकऱ्याच्या भल्यासाठी हे केले म्हणावे, तर ७ डिसेंबर २०२३ ला याच सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका हुकुमाने बंदी आणली. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेल्या आसवन्या बघत राहिल्या. बंदी पुढे सैल केली, ती त्यांच्या सोयीने. ऊस पिकवणाऱ्याला विचारले नाही, पेट्रोल भरणाऱ्यालाही विचारले नाही. पंपावर दोन नळ ठेवा, एक मिश्रणाचा आणि एक साध्याचा, भाव खऱ्या ऊर्जेप्रमाणे लावा, ज्याला जे हवे ते तो घेईल. यात शेतकऱ्याचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. स्वस्त आणि बरे असेल तर लोक इथेनॉलच घेतील.

आता सुरक्षिततेचे. जुनी गाडी कोण चोरणार, असे आपण समजतो. चोर ती फिरवायला नेतच नाही, भंगारात सुटी करून विकायला नेतो. कारखान्यात नवे सुटे भाग मिळेनासे झाले की जुन्यांना भाव येतो. आणि चोरायला सोपी तीच. कुलपातल्या पट्ट्या इतक्या झिजलेल्या असतात की त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीची चावी फिरते, नाहीतर पेचकस फिरतो. आपल्या गाडीच्या मागच्या दाराचे कुलूप तर २०२४ च्या उन्हाळ्यातच गेले होते. बदलायला ७०० रुपये सांगितले. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू. हे मीच म्हणालो, चालकाने नव्हे.

१ आणि २ सप्टेंबर २०२४ ला काय पाऊस झाला ते परभणी, हिंगोली, नांदेडच्या माणसाला सांगायला नको. शेंगा धरलेले सोयाबीन पाण्यात उभे होते. पीक विम्यात अशा नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागत होती. ज्यांच्याकडे मोबाईलवरचे ॲप नाही, ज्यांच्या गावचा टॉवर पावसाने बंद पडला, अशा अकरा गावांतून आम्ही अर्ज, सातबाऱ्याच्या प्रती आणि विम्याच्या पावत्या गोळा केल्या. ६३ अर्ज. ३ तारखेच्या रात्री तालुक्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि एका ओळखीच्या घरी पाठ टेकली. पिशवी गाडीतच राहिली. सकाळी बॅटरी नव्हती, स्टेपनी नव्हती आणि पिशवीही नव्हती. चोराला त्या कागदांचे काय होणार? बॅटरी गुंडाळायला नेली असावी.

तिथून मोटारसायकली काढल्या, पुलावरून पाणी जात होते तिथे फेरे घालून गेलो, पुन्हा अंगठे घेतले. ४१ अर्ज मुदतीत गेले. २२ राहिले. त्या २२ जणांपैकी एकही मला वाईट बोलला नाही. एक म्हातारा एवढेच म्हणाला, "गाडीला कुलूप नव्हतं का?"

तक्रार नोंदवायला गेलो तर पहिला प्रश्न, गाडी कोणाच्या नावावर? सुदैवाने त्याचे उत्तर होते. २०१९ पर्यंत नव्हते. सात वर्षे आपण ती पहिल्या मालकाच्याच नावावर, नोटरी केलेल्या कागदावर फिरवली. तुमच्यातले कितीजण अशा गाड्या फिरवतात ते मला ठाऊक आहे. नाव बदलून घ्यायला घेणाऱ्याला कायद्याने ३० दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी विकलेली असली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. म्हणजे तुम्ही जुनी गाडी विकून मोकळे झाला नाहीत, आणि घेतली असेल तर चोरी झाल्यावर ती तुमची असल्याचे तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

विम्याचेही असेच. आपण भरतो तो सक्तीचा, त्रयस्थ पक्षाचा. १००० सीसीच्या आतल्या खाजगी मोटारीला २०२२ मध्ये त्याचा हप्ता २,०९४ रुपये ठरला, वर जीएसटी. त्यातून दुसऱ्याची भरपाई होते, आपली चोरी भरून येत नाही. पूर्ण विम्यासाठी दोन ठिकाणी विचारले, दोन्हीकडे सालाचा आकडा ऐकून नकार मिळाला.

चोरीनंतर जे केले त्याला एकूण दीड हजारही लागले नाहीत. बॅटरीला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा वेल्ड करून कुलूप. सरकत्या दाराला आतून साखळी. मागच्या दाराला नवे कुलूप. आणि कॉइलला जाणाऱ्या तारेत एक चोरबटण, ते बंद असले की स्टार्टर फिरतो पण ठिणगी पडत नाही. बटण कुठे आहे ते या पानावर छापत नाही. गाडी उभी राहणार असेल तेव्हा बॅटरीची ऋण तार सोडून ठेवतो, त्याने बॅटरीही उतरत नाही. उंदरांसाठी इंजिनापाशी तंबाखूची पाने ठेवून पाहिली. उंदरांना सवय झाली. शेवटी गाडीत सोयाबीनची पोती ठेवणे बंद केले, तेव्हा थांबले.

आता सरकारकडे वळू. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०१८ मध्ये आपण त्याचे ६०० रुपये भरले. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, म्हणून २०२३ मध्ये ५,००० भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नियम आला, वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला १०,०००. २०२८ ला आपली पाळी आहे. शिवाय महाराष्ट्राचा २०१० पासूनचा पर्यावरण कर वेगळा. नवी सुरक्षा पाटी बसवली, ७४५ रुपये आणि जीएसटी. पाटी मजबूत आहे, स्क्रूने निघत नाही. आमच्या चोराने मात्र पाटीला हातही लावला नव्हता.

जुन्या गाडीचा धूर वाईट, हे मला मान्य. दर सहा महिन्यांनी धुराची तपासणी करून घेतो आणि ती काटेकोर असावी असेच म्हणतो. ब्रेक, दिवे, पत्रा तपासा, नापास झाली तर रस्त्यावर येऊ देऊ नका. पण मग वयाचा दंड कशासाठी? आपण घरचे सोयाबीन बियाणे पेरण्याआधी काय करतो? ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळतो आणि आठवड्याने मोजतो. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या दराने पेरतो, कमी उगवले तर बियाणे वाढवतो, फारच कमी असेल तर बाजारात देतो. बियाणे किती जुने आहे म्हणून कोणी त्यावर दंड लावत नाही, उगवण मोजतात. शहरातली गाडी वर्षाला जेवढी पळते त्याच्या पाव हिश्शानेही शेतकऱ्याची पळत नाही. तो ती ठेवतो कारण नवी घ्यायची ऐपत नाही, आणि ऐपत का नाही ते या पानांवर वेगळे लिहायला नको.

सरकारशी भांडू तेव्हा भांडू. घरचे आधी. माझा प्रस्ताव असा की नऊ तालुक्यांनी दरमहा ५०० रुपये गाडी खात्यात घालावेत. वर्षाचे ५४,००० होतात. दुरुस्तीचे २१,६२१ वजा जाता ३२,३७९ राहतात. त्यातून आधी त्याचे १७,२७१ परत करायचे. उरतात १५,१०८. वर्षातले शंभर दिवस तो गाडीवर असतो असे धरले तर दिवसाला १५१ रुपये पडतात. सोयाबीन सोंगणीच्या मजुरीच्या हे निम्मेही नाहीत, आणि घसाऱ्याला काहीच उरत नाही. म्हणून ५०० ऐवजी ८०० करावेत असे माझे मत आहे. ज्यांना जास्त वाटते त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे.

बैठक सकाळी अकराला आहे. गाडी मार्केट यार्डाच्या मागे, उतारावर लावलेली असेल. जमाखर्चाची वही या वेळी मी वाचणार नाही, तो वाचणार आहे.