करुणा हवी, सोवळे नको

विहारात येणारी तरुण मुले-मुली अलीकडे एक प्रश्न विचारू लागली आहेत : ‘आम्हाला व्हीगन व्हायचे आहे, अंगात ताकद राहील ना?’ त्याच घरातले वडीलधारे आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, ‘हे वरच्या जातींचे सोवळे आपल्या पोरांच्या डोक्यात कुठून शिरले?’ हे पान आरोग्याचे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कामच आहे. पण दुसऱ्याला बगल देऊन पहिल्याचे उत्तर देता येत नाही.

आधी शब्दाचा अर्थ. व्हीगन म्हणजे शाकाहारी नव्हे. मांस-मासळीबरोबर दूध, दही, तूप, अंडी, मध हेही न घेणारा आणि शक्य तिथे चामडे, रेशीम, लोकर टाळणारा तो व्हीगन. प्राणी हा माणसाच्या उपयोगाची वस्तू नाही, एवढी साधी त्यामागची भूमिका आहे.

वडीलधाऱ्यांचा संशय मात्र आम्हाला अगदी रास्त वाटतो. या राज्यात ताटावरून माणसाची जात शोधली जाते. मुंबई-पुण्यात भाड्याने खोली बघायला गेलेल्या आपल्या पोरांना ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे वाक्य ऐकावे लागते, आणि त्याचा खरा अर्थ काय हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना उघडे करून मारले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. काही संघटनांनी विरोध केला आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्या अंड्याचा निधी थांबवला. ज्या मुलाच्या घरी डाळही रोज शिजत नाही, त्याच्या पुढ्यातले अंडे काढून घेण्याला अहिंसा म्हणायला आम्ही तयार नाही. आमच्यातला व्हीगन माणूसही त्या अंड्यासाठी मोर्चात आला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या ढोराचे मांस खाणे सोडा, ढोरे ओढणे सोडा, असे सांगितले. ते कुणाला शुद्ध वाटावे म्हणून नव्हते, स्वाभिमानासाठी होते. पुढे १९४८ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, एकेकाळी गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी ते सोडले ते बौद्ध धम्मावर मात करण्याच्या चढाओढीत. तथागतांनीही देवदत्ताची मागणी नाकारली होती. भिक्खूंना मांस-मासळी कायमची बंद करा, असा त्याचा हट्ट होता. तो नियम संघावर लादला गेला नाही. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, असा त्यांचा रोख आहे.

आता याच तत्त्वाची दुसरी बाजू. तत्त्व माणसाच्या विवेकावर सोपवले म्हणजे ते विसरून जायची मुभा मिळाली असे होत नाही. आपण प्रत्येक वंदनेत पहिले शील घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात आपल्याच स्वयंपाकघरातली कत्तल किती कमी केली ते कोरून ठेवले : आता रोज दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे तेही बंद होईल. चक्रवर्ती राजा स्वतःच्या ताटाचा हिशेब लोकांपुढे ठेवतो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मारण्याची गरज किती उरली आहे, हा प्रश्न ज्याच्या घरी आज दोन वेळचे पोटभर जेवण आहे त्याने स्वतःलाच विचारावा. शेजाऱ्याला विचारू नये.

दुधाचा मुद्दा तर सोवळेवाल्यांनाच अडचणीचा आहे. गाय-म्हैस दूध देते ती व्याल्यावर. तिला पारडी किंवा कालवड झाली तर ठीक. रेडकू किंवा गोऱ्हा झाला तर ट्रॅक्टरच्या जमान्यात त्याला दावणीला कोण ठेवणार? दूध आटले की भाकड जनावराचा चारा शेतकऱ्याला परवडत नाही. दूध उत्पादनात भारत जगात पहिला आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आघाडीवर, या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. म्हणजे तूप-पोळी खाऊन मांसाहाऱ्याला हिणवणाऱ्याचा हात काही कोरडा नाही. व्हीगन विचार गाईला देवत्वही देत नाही आणि तिला दुधाची टाकीही समजत नाही. आपल्या लोकांना तो परका वाटण्याचे कारण नाही, उलट गोमातेच्या राजकारणाला याहून सरळ उत्तर आम्हाला दुसरे दिसत नाही.

असो. आता ताकदीचा प्रश्न.

शहरातल्या दुकानांत बदामाचे दूध, टोफू, व्हीगन चीज महागात मिळते आणि त्यामुळे हे श्रीमंतांचे चोचले आहेत असा समज होतो. आपल्या आजीच्या चुलीकडे पाहिले तर तो टिकत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली आहे. त्या ताटात मांस होते, ते लपवण्याचे काही कारण नाही. पण आपल्या घरांतले रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, कोरड्यास, रानातला पाला, ठेचा आणि कोरा चहा. दूध-तूप तिथे नव्हतेच! गरिबीने जे लादले त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. फक्त त्यातले चांगले ते उचलायला हरकत नसावी.

मटकी, हुलगा, मूग, चवळी, तूर, हरभरा यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात तेवढीच किंवा थोडी जास्त, सोयाबीनमध्ये ३५ च्या पुढे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे रोज दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, भाकरी आणि मूठभर शेंगदाणे पोटात गेले तर प्रथिनांची चिंता बरीचशी मिटते. पातळ पाण्यासारख्या वरणाने मात्र मिटत नाही, हे आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे, कारण घरात सर्वांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेले पाणीच त्यांच्या वाट्याला येते. कॅल्शियमसाठी नाचणी : १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तिळाची चटणी रोजच्या पानात असावी. जवस आणि कारळाची चटणीही हवी. विदर्भात तरोटा, चिवळ, अंबाडी, इतरत्र तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला, हे पैसे न मोजता किंवा थोडक्यात मिळते. रक्तवाढीसाठी पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर थांबा. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे आहार बदलण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

एका बाबतीत आम्ही कुणाचीही गय करणार नाही. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या इडलीतून मिळते, शेवाळातून मिळते, असे सांगणारे भेटतील, त्यांच्यावर विसंबू नका. दूध-अंडी पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी नियमित घेतलीच पाहिजे. कमतरता हळूहळू येते : हातापायांना मुंग्या, थकवा, तोंड येणे, विसराळूपणा. मज्जातंतूंना झालेली इजा नंतर भरून निघेलच असे नाही. (कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचे असते; ज्यांना तेही टाळायचे आहे त्यांनी साधी गोळी मागावी.) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, क्षयरोगाचे रुग्ण यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही हेच लागू. आजारी माणसाला डॉक्टरने अंडे सांगितले असेल तर ते औषध समजून खावे. शील मोडले असे मनात आणू नये आणि इतरांनी बोलूनही दाखवू नये.

सुरुवात कुठून करायची, तर वर्षावासातून. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक घरांत तसाही मांसाहार कमी असतो. त्या तीन महिन्यांत उपोसथाच्या दिवशी दूधही वगळून पाहावे. विहारातल्या भोजनदानाची पुरी-भाजी, मसालेभात तूप टाळले की व्हीगनच आहे, कुणाला वेगळे काही शिजवावे लागत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानाचा विषय नाजूक आहे. सुजातेची खीर ही आपल्या मनातली गोष्ट, ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दुसरे एक पातेले नारळाच्या दुधाचे ठेवा. लोक कुठले आधी संपवतात ते बघू या. विकतच्या वस्तूवर हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध-पावडर असू शकते. व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हिरव्या व्ही अक्षराचे वेगळे चिन्ह ठरवले आहे.

ताटाबाहेरही वस्तीत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि खरे तर ज्याला मटण सोडवत नाही त्यालाही ते करता येते. शिळे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकू नका, जनावर पिशवीसकट गिळते. उन्हाळ्यात दारात पाण्याचे भांडे ठेवा. कुत्र्यांना दगड मारून प्रश्न सुटत नाही, नगरपालिकेकडे नसबंदी आणि रेबीजच्या लसीकरणासाठी विहार समितीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, हळद-मिरची भरू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जखमी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला कळवता येते.

कायदाही माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे चेष्टाच. जनावराला ठार करणे किंवा जायबंदी करणे याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत बैल जुंपू नयेत, असा १९६५ चा नियम आहे. पण तो नियम ऊसतोड कामगाराच्या अंगावर फेकण्याआधी एवढे बघा की बैलाइतकाच तोही उचलीखाली वाकलेला आहे. त्याला सावलीत थांबवा, दोघांना पाणी द्या, आणि तक्रार करायचीच तर गाडी भरायला लावणाऱ्याची करा. गाय वाचवण्याच्या नावाखाली ट्रक अडवून माणसे झोडणाऱ्या टोळ्यांशी आपले काडीचेही नाते नाही. तसेच कातडे कमावणारा, चपला शिवणारा आपला भाऊ हा या कामातला शत्रू नव्हे. चामड्याचा पट्टा नको असेल तर घेऊ नका, त्याच्याकडून रेक्झिनची पिशवी शिवून घ्या.

संक्रांतीला नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात. २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची त्यावर देशभर बंदी आहे, तरी नागपुरात, येवल्यात तो चोरून विकला जातो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वंदनेनंतर मुलांना घेऊन वस्तीतल्या पतंगाच्या प्रत्येक दुकानात जा आणि सुती दोराच मागा. जिथे नायलॉन दिसेल तिथले दुकान आणि तारीख लिहून अर्ज पोलीस ठाण्यात द्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याच मुलांबरोबर झाडांवर आणि तारांजवळ अडकलेला मांजा गोळा करा, मात्र विजेच्या तारांना हात लावू नका, त्यासाठी महावितरणला कळवा.